गाडी आतनं ठोकतीय

(सामुदायिक रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा मजकूर)



दर वेळी मी तुमच्याशी बचतीबद्दल, कर्जाबद्दल, रजिस्टरबद्दल बोलते. आज एका आवाजाबद्दल बोलणार आहे. गाडीच्या इंजिनातून येणाऱ्या ठक-ठक आवाजाबद्दल. हिशेब त्यातही येईलच, माझा स्वभाव काही जात नाही.

आपल्यातल्या बऱ्याच गटांनी आता गाड्या घेतल्यात. कुणाचा तीनचाकी टेम्पो आहे, कुणाची पिकअप, आणि स्कुटी तर घरोघरी झाली. गाडी घेताना आपण हप्ता बघतो, कागद बघतो, टायर बघतो. गाडी आवाज करायला लागली की मात्र आपण घरातल्या पुरुषाच्या तोंडाकडे बघतो, आणि तो मिस्त्रीच्या तोंडाकडे बघतो. आमच्या ग्रामसंघानेही तेच केलं होतं. त्यात बेचाळीस हजार रुपये जाता जाता राहिले, आणि आमच्यातल्या एका बाईवर विनाकारण बोल आला. म्हणून सांगते.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. गावातले तीन गट मिळून कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतात. माल पंढरपूरला जातो, थोडा सोलापूरला. पूर्वी आम्ही वडापच्या जीपवर पोती बांधून न्यायचो. कडक भाकरीची पोती! पोचेपर्यंत निम्म्या भाकऱ्यांचा चुरा झालेला असायचा. म्हणून ग्रामसंघाने कर्ज काढून एक जुना चारचाकी टेम्पो घेतला. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, तेही ड्रायव्हरच्या सीटखाली. महिन्याचा हप्ता ७,२०० रुपये. चालवतात आमच्यातल्याच एक वहिनी. माहेरी ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळे हात साफ.

दिवाळी झाली आणि कार्तिकीची गडबड सुरू झाली. कार्तिकी एकादशीला पंढरपूर कसं भरतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या वर्षाच्या विक्रीतला मोठा वाटा त्या चार-पाच दिवसांत होतो. त्या गडबडीत एक दिवस वहिनी म्हणाल्या, "ताई, गाडी आतनं ठोकतीय." मी रजिस्टरमधून मान वर न काढता म्हटलं, "जुनी गाडी आहे वहिनी, आवाज करणारच." तीन दिवसांनी त्या परत आल्या. "ताई, आवाज वाढलाय. धूर पण काळा मारतीय." मी म्हटलं, "कार्तिकी होऊ द्या, मग दाखवू." हे मी मुद्दाम सांगतेय. कारण पुढे सगळ्यांनी बोट दाखवलं ते वहिनींकडे. माझ्याकडे कुणी दाखवलं नाही.

दोन दिवसांनी वहिनींनी किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली. "मी न्हाई नेणार. रस्त्यात जाम झाली तर इंजिनबी जाईल आन् नावबी माझंच जाईल."

मग गाडी गॅरेजला नेली. तिथल्या मिस्त्रीने इंजिन चालू केलं, मोजून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, "बेरिंग गेलंय. पूर्ण इंजिन खोलावं लागेल. बेचाळीस हजार धरा, आणि आठ-दहा दिवस." वर विचारलं, "चालवतं कोण?" बाई चालवते म्हटल्यावर हसला. "ऑईल न बघता पळवली असणार."

हे शेवटचं वाक्य आमच्या आधी गावात पोचलं.

रात्री मीटिंग बसली. एक म्हणाली, आधीच सांगत होते, पुरुष ड्रायव्हर ठेवा. दुसरी म्हणाली, बेचाळीस हजार तिच्या मजुरीतून कापा. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "मी रोज सकाळी ऑईलची पट्टी बघते. पुसायचं फडकं गाडीत हाय, आणून बघा." एक पोरगी जाऊन फडकं घेऊन आली. जुन्या साडीचा तुकडा होता. त्यावर पट्टी पुसल्याच्या काळ्या रेघा, एकाशेजारी एक, शेवयांसारख्या. मोजायचीही गरज पडली नाही.

आमच्या गटात एक आजी आहेत, त्यांना इंजिन म्हणजे काय हे माहीत नाही. त्या म्हणाल्या, "डाक्टरकडं गेलं तर तो इचारतो, कवा दुखतं, जेवल्यावर का उपाशी, बसल्यावर का चालल्यावर. ह्या बाबानं काय इचारलं?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्याने काहीच विचारलं नव्हतं. फक्त ड्रायव्हर कोण, ते विचारलं होतं.

ती रात्र मीटिंगमध्येच गेली असती, पण आजींच्या त्या प्रश्नावरून आम्ही ठरवलं की दुसऱ्या मिस्त्रीकडे जायच्या आधी आपणच आवाज नीट ऐकायचा आणि वहीत लिहायचा. गाडी कुठेही न्यायची नाही, अंगणातच ऐकायचं. ऐकायच्या आधी दोन गोष्टी केल्या. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद करून, दहा मिनिटं थांबून पट्टी बघितली. ऑईल दोन खुणांच्या मध्ये होतं. आणि किल्ली फिरवल्यावर समोर लागणारा ऑईलचा लाल दिवा इंजिन चालू झाल्यावर विझतो का, ते बघितलं. विझत होता. हे दोन्ही ठीक नसतं तर आम्ही इंजिन चालूच ठेवलं नसतं.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हा भाग महत्त्वाचा आहे. चालत्या गाडीत ऑईलचा लाल दिवा लागला आणि आतून जड, खोल ठोका यायला लागला, तर तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. पुढच्या गावापर्यंत जाऊ, असं म्हणायचं नाही. तुम्ही शिलाई मशीन चालवता ना? खालच्या पायट्याचा दांडा चाकाला जिथे जोडलेला असतो, तिथली जागा झिजली की मशीन खट-खट करतं. इंजिनात असंच आहे. पिस्टन वरखाली होतो, त्याला एक दांडा असतो, त्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. तो खाली क्रँकला धरलेला असतो आणि क्रँक गोल फिरतो. दांडा आणि क्रँक यांच्यामध्ये बेरिंगच्या पातळ पाकळ्या असतात आणि त्या पाकळ्या ऑईलच्या थरावर तरंगत असतात. ऑईल कमी पडलं किंवा त्याचा दाब गेला की लोखंडावर लोखंड आपटायला लागतं. शिलाई मशीन मिनिटाला काही शे टाके घालतं, पण इंजिन मिनिटाला हजारो फेऱ्या मारतं. झिजलेलं बेरिंग काही किलोमीटरांत क्रँक खाऊन टाकतं, आणि मग खरंच बेचाळीस हजार लागतात, कधी जास्तही. त्या पहिल्या मिस्त्रीने सांगितलेला रोग खोटा नव्हता. असा रोग असतो. तो आमच्या गाडीला होता का, हे त्याने बघितलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं.

आता अंगणातलं सांगते. वहिनी सीटवर बसल्या, मी वही घेऊन बाजूला. पहिलं बघितलं की गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये आवाज येतो का. येत होता. म्हणजे चाक, ब्रेक, मागचा शाफ्ट सुटले. आवाज फक्त गाडी पळताना येत असेल आणि उभी असताना येत नसेल, तर आधी चाकं बघावीत. आमच्या शेजारच्या गावातल्या एका पिकअपचं इंजिन खोलायची वेळ आली होती आणि शेवटी चाकाचे बोल्ट ढिले निघाले. दुसरं, क्लच दाबल्यावर आवाज बदलतो का. बदलला तर क्लच नाहीतर गिअरबॉक्सकडे बघायचं. आमचा बदलला नाही. तिसरं, इंजिन बांधलेलं असतं त्या रबराच्या माउंटिंग. त्या फाटल्या की इंजिन चालू-बंद करताना धाडकन आवाज येतो आणि सगळी गाडी हलते. आमच्या धड होत्या.

म्हणजे आवाज इंजिनाच्या आतलाच. मग वहीत लिहिलं: सकाळी थंड असताना जास्त, वीस मिनिटांनी कमी, पण जात नाही. उभ्यावर इंजिन लंगडतं, एकसारखं चालत नाही. वहिनींनी आठवून सांगितलं की माल भरून कॅनॉलचा चढ चढताना जास्त ठोकते, रेस सोडली की कमी होते. धूर काळा. डिझेल जास्त खाते. आणि आवाज कसा? यावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं ठक-ठक, वहिनी म्हणाल्या टण-टण. शेवटी वहिनींचं लिहिलं. त्यांचा कान रोजचा आहे.

आवाजाला आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा, आणि मिस्त्री लोक ते बरोबर वापरतात. बारीक टिक-टिक, शिलाई मशीनसारखी, इंजिनाच्या वरच्या भागातून येते ती बहुधा टॅपेटची. तिथलं अंतर वाढलेलं असतं, ते जुळवलं की जाते. थंड इंजिनाचा पोकळ डग-डग आवाज गरम झाल्यावर पूर्ण थांबला, तर पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा ढिला झालाय. ते लगेच मरणाचं दुखणं नाही. खालून येणारा जड ठोका, रेस धरली की वाढणारा आणि गरम झाल्यावर आणखी वाढणारा, तो बेरिंगचा, त्याची भीती धरायची. आमचा गरम झाल्यावर कमी होत होता. ही एक गोष्ट पहिल्या मिस्त्रीला कळली असती तर तो थांबून विचार करता. त्याच्याकडे गाडी पोचली तेव्हा ती अर्धा तास चालून आली होती, थंड असताना ती कशी ठोकते हे त्याने ऐकलंच नव्हतं. त्याचाही सगळा दोष नाही. आम्हीही काही सांगितलं नव्हतं, नुसती गाडी लावून हात जोडून उभ्या होतो.

आणि टण-टण? ते डिझेलच्या ठोक्याचं लक्षण. हे मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. डिझेल हे एका माणसाचं नाव आहे. रुडॉल्फ डिझेल. जर्मनीतला इंजिनिअर, त्याचं इंजिन १८९७ साली नीट चाललं. या इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो, जवळजवळ विसावा हिस्सा करून टाकतो, की ती हवाच तापून लाल होण्याइतकी गरम होते. त्या गरम हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सुटतो आणि आपोआप पेटतो. फवारा धुक्यासारखा बारीक पाहिजे. नोझल झिजलं किंवा त्यात घाण बसली की फवाऱ्याऐवजी थेंब गळतात. थेंब लवकर पेटत नाहीत, साठतात, आणि मग सगळे एकदम पेटतात. ओल्या जळणाची चूल आठवा. फुंकून फुंकून धूर होतो, पेटत नाही, आणि मग एकदम भप्पकन जाळ अंगावर येतो. सिलिंडरमध्ये असा भपका होतो आणि तो पिस्टनच्या डोक्यावर हातोडीसारखा बसतो. तोच टण-टण आवाज. थंड इंजिनात डिझेल पेटायला उशीर लागतो, म्हणून सकाळी जास्त. थेंब नीट जळत नाहीत, म्हणून काळा धूर. आमच्या वहीत हे सगळं लिहिलेलं होतं, फक्त वाचता येत नव्हतं.

वही घेऊन आम्ही तालुक्याला दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. वयस्कर माणूस, त्यांना सगळे मामा म्हणतात. गाडी टोचन करून नेली, चालवत नेली नाही, आणि रात्रभर त्यांच्या दारात ठेवली, म्हणजे सकाळी ती थंडच असणार. मामांनी आधी वही वाचली. चष्मा लावून, पूर्ण. मग म्हणाले, "वही कुणी लिहिली?" मी वहिनींकडे बोट केलं.

त्यांनी केलं ते फार बघण्यासारखं होतं. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरच्या नळीसारखं. एकेक जागा ऐकली. वहिनींनाही ऐकवलं. पण आधी पदर खोचायला लावला, वेणी आत घालायला लावली, कारण पंख्याचा पट्टा शेजारीच फिरत असतो. हे तुम्हीही लक्षात ठेवा. चालू इंजिनावर ओढणी घेऊन वाकायचं नाही.

मग चालू इंजिनात त्यांनी एका सिलिंडरच्या डिझेलच्या पाइपाचं नट पान्याने थोडं ढिलं केलं. त्या सिलिंडरला डिझेल जायचं थांबलं. आवाज तसाच. ते घट्ट करून दुसऱ्याचं ढिलं केलं, आणि टण-टण बंद! मी आनंदाने टाळी वाजवली. मामा म्हणाले, "थांबा. एवढ्यावर काही कळत नाही. बेरिंग गेलेलं असलं तरी त्या सिलिंडरचा जोर काढला की आवाज कमी होतो. रोग कुठल्या सिलिंडरला आहे ते कळलं, कुठला आहे ते नाही." मला हे फार आवडलं. बोट ठेवण्याआधी स्वतःलाच अडवणारा माणूस.

पुढे त्यांनी दोन्ही नोझल काढले आणि अदलाबदल करून बसवले. पहिल्याचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं पहिल्याला. खालचे तांब्याचे वायसर नवे घातले. आता विचार असा: आवाज दुसऱ्या सिलिंडरमध्येच राहिला तर दोष सिलिंडरचा, म्हणजे बेरिंग किंवा पिस्टन. आवाज नोझलबरोबर उठून पहिल्यात गेला तर दोष नोझलचा. पुन्हा गाडी चालू केली, पुन्हा नट ढिलं केलं. आवाज पहिल्यात गेला होता.

वहिनी तिथेच गाडीच्या पायरीवर बसल्या. काही बोलल्या नाहीत.

एक धोक्याची गोष्ट. हे नट ढिलं करायचं काम आपण घरी करायचं नाही. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीत अनुभवी मिस्त्री ते करतात. नव्या गाड्यांमध्ये कॉमन रेल म्हणतात तशी पद्धत असते, तिच्यात डिझेलचा दाब इतका असतो की बारीक फवारा कातडी फोडून बोटात शिरतो. सुईच्या टोकाएवढी जखम दिसते आणि आत बोट सडतं. असं कुणाला झालं तर दुखत नसलं तरी लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आपलं काम ऐकायचं, लिहायचं आणि विचारायचं.

मामांनी खात्रीसाठी ऑईलही काढून जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून गाळलं. बेरिंग झिजत असेल तर फडक्यावर चमकीसारखे कण दिसतात, साडीवरच्या टिकलीच्या भुग्यासारखे. काही नव्हतं. काळं होतं, पण डिझेल इंजिनाचं ऑईल काळं होतंच, त्यात घाबरण्यासारखं नाही. ऑईल चहासारखं दुधाळ झालं तर मात्र पाणी शिरलंय. आणि पट्टीवर ऑईल आपोआप वाढलेलं दिसलं तर खूश व्हायचं नाही, त्यात डिझेल मिसळत असतं.

नोझल पंपवाल्याच्या दुकानात तपासायला नेले. तिथे एका हातपंपावर नोझल लावून फवारा बघतात. एकाचा फवारा अगरबत्तीच्या धुरासारखा, दुसऱ्याचा नळ गळावा तसा. मामांनी डिझेलचा फिल्टर उघडला, तर खाली गढूळ पाणी आणि तांबडी गाळ.

"डिझेल कुठून भरता?" मामांनी विचारलं.

इथे माझी मान खाली गेली. पंप आमच्या गावापासून लांब आहे. खेप वाया जाऊ नये म्हणून डिझेल कॅनमधून आणून शेडमधल्या लोखंडी पिंपात साठवायचं, असं ठरलं होतं. ठरवलं होतं मी. दर खेपेला किती वाचतात ते मीच फळ्यावर मांडून दाखवलं होतं. पिंपाला आतून गंज. रात्री गार, दिवसा गरम, त्यामुळे आत पाणी सुटतं आणि ते तळाशी बसतं. तेच नोझलपर्यंत गेलं. शिवाय घरात असं डिझेल साठवणं आगीच्या दृष्टीनेही चुकीचं, ते वेगळंच. फिल्टर बदलायचा खर्चही मीच दोनदा पुढे ढकलला होता.

खर्च सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. दोन नवे नोझल, त्यांची तपासणी, वायसर, डिझेल फिल्टर, ऑईल, टाकी धुणं, टोचन आणि मामांची मजुरी मिळून ४,३५० रुपये. कार्तिकीच्या पहिल्या दोन खेपा भाड्याच्या पिकअपने केल्या, ते ५,००० वेगळे. मी पहिल्या दिवशीच मान वर केली असती तर हे पाच हजार गेले नसते. ग्रामसंघाच्या वहीत ते असेच लिहिलेत: "उशिरामुळे ५,०००." अध्यक्ष म्हणाल्या, ताई, असं कशाला लिहायचं. मी म्हटलं, लिहा.

पुढच्या मीटिंगमध्ये मी डिझेलच्या पिंपाचं सांगितलं. मजुरी कापा म्हणणारी बाई उठून वहिनींच्या शेजारी जाऊन बसली. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

आता स्कुटीवाल्या मैत्रिणींसाठी थोडं. पेट्रोलच्या गाडीतही ठोका येतो, पण त्याचं कारण उलटं. डिझेलमध्ये पेटायला उशीर होतो म्हणून ठोका, पेट्रोलमध्ये ठिणगीने लावलेला जाळ पोचायची वाट न बघता कोपऱ्यातलं पेट्रोल आधीच भडकतं म्हणून ठोका. चढावर दोघी-तिघी बसून एकदम मूठ पिळली की काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसा आवाज येतो, तो हाच. जुन्या गाडीत कार्बन साठला, प्लग चुकीचा बसला, इंजिन जास्त तापलं, पेट्रोलमध्ये भेसळ असली की तो येतो. मूठ थोडी सोडली की थांबतो. सारखा येत असेल तर दाखवून घ्या, पिस्टनला भोक पडू शकतं. हा ठोका घालवायला जगभर एके काळी पेट्रोलमध्ये शिशाचं औषध मिसळत. त्याचा धूर पोरांच्या मेंदूला घातक, म्हणून आपल्या देशात २००० साली ते बंद झालं. इंजिन शांत करायला काय काय केलं माणसाने.

आणि बायकांना इंजिनातलं काय कळतं, असं कुणी म्हटलं, तर त्यांना बर्था बेंझ या बाईंचं सांगा. जर्मनीत १८८८ साली नवऱ्याने बनवलेली मोटार त्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, शंभरावर किलोमीटर चालवत त्या माहेरी गेल्या. तोवर मोटार इतक्या लांब कुणी नेलीच नव्हती. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. पेट्रोल पंप नव्हते, औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तिचंबी नळीतच अडकलं हुतं."

पिंप आम्ही विकलं. आता दोन खेपांतून एकदा डिझेल थेट पंपावर भरतो, फिल्टरखालचा नट सोडून पाणी काढायचं काम आठवड्याला होतं. त्या वहीला दोरी लावून ती टेम्पोत टांगलीय. गाडी चालवणाऱ्याने आवाज ऐकला की लिहायचं: कधी, कुठून, थंड की गरम, भरलेली की रिकामी. आणि समन्वयकाने, म्हणजे मी, दर सोमवारी वाचून खाली सही करायची. सही राहिली तर मला दहा रुपये दंड, तो वहिनींनी सुचवला आणि सगळ्यांनी हात वर केले.

मागच्या सोमवारची नोंद अशी होती: "सीटच्या मागून किणकिण. फक्त खड्ड्यात. थंड-गरम फरक नाही." मी काळजीने जाऊन बघितलं. चटणीच्या डब्याचं झाकण होतं. सही केली.